कळतं पण वळत नाही, तेव्हा नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आलाय: "वय 34. माझ्या कमजोऱ्या मला पाठ आहेत. आळस, चिडचिड, कोणाला नाही म्हणता न येणं आणि कॉन्फिडन्सची बोंब. दर वेळी ठरवतो की आता बास, बदलायचं, चार दिवस जमतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरी कमजोरी ओळखायची कशी आणि तिच्यावर मात कशी करायची? की स्वभावाला औषध नसतं हेच खरं?"

मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करतोय आणि जवळपास याच शब्दांत हा प्रश्न घेऊन खूप जण समोर येऊन बसलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, निवांत वाचा.

आधी तुमच्या यादीबद्दल. ती तुम्ही प्रामाणिकपणे केलीय यात शंकाच नाही, पण ती वापरता येण्यासारखी नाहीये. आळस, चिडचिड, कॉन्फिडन्स हे सगळे तुम्ही स्वतःच स्वतःला मारलेले शेरे आहेत, आणि शेऱ्यावर काम करता येत नाही. "मी आळशी आहे" असं म्हटलंत, बरं, मग उद्या सकाळी उठून नेमकं काय वेगळं करणार? काहीच सुचत नाही ना. मग माणूस "आता आळस सोडायचा" असा मोठा संकल्प करतो आणि तो चार दिवसांत बसतो. काम करता येतं ते एखाद्या ठरावीक प्रसंगावर, कुठल्या वेळी, कोणासमोर, कशानंतर मी घसरतो त्यावर. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे, बाकीचं त्यातूनच येतं.

एक उदाहरण देतो, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एक सिनियर गृहस्थ आले होते, हाताखाली टीम वगैरे, म्हणाले मी फार चिडका आहे, लोक माझ्याशी बोलायला घाबरतात, घरीपण तेच. राग आला की दहा आकडे मोजणं, दीर्घ श्वास, मेडिटेशनचं अ‍ॅप, सगळं करून झालेलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की पुढच्या भेटीपर्यंत जेव्हा जेव्हा भडकाल तेव्हा त्या दिवशीच चार ओळी लिहून ठेवा, आधी काय चाललं होतं, समोर कोण होतं, शरीरात काय झालं, तुम्ही काय केलंत आणि केल्यावर लगेच कसं वाटलं. पुढच्या वेळी वही उघडली आणि आम्ही दोघांनी मिळून ती वाचली तर चित्रच वेगळं. ट्रॅफिकमध्ये चिडले नाहीत, वरिष्ठांनी झापलं तेव्हा चिडले नाहीत, मुलाने महागाची वस्तू फोडली तेव्हासुद्धा नाही. जवळजवळ प्रत्येक नोंदीत कोणीतरी त्यांना प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मीटिंगमध्ये ज्युनियरने विचारलेला आकडा, मुलीचा गणिताचा प्रश्न, बायकोने विचारलं की त्या फॉर्मचं पुढे काय झालं. कानशिलं तापायची, जबडा आवळला जायचा आणि तोंडातून निघायचं, "एवढंही कळत नाही का तुला?" आणि लगेच कसं वाटलं या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "सुटलो".

म्हणजे बघा, वर्षानुवर्षं ते रागावर काम करत होते आणि अडचण होती "मला माहीत नाही" असं म्हणता न येण्याची. राग त्यांना तिथून सुटका करून देत होता. हे दिसल्यावर काम एकदम छोटं झालं. एक वाक्य ठरवलं, "हे मला बघून सांगावं लागेल", आणि ते माझ्यासमोर मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस केली. पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला, नजर टेबलाकडे, जणू गुन्हाच कबूल करतायत. मनात म्हणणं आणि तोंडाने म्हणणं यात फार अंतर असतं, म्हणून मी हे नेहमी मोठ्याने करून घेतो. राग त्यानंतर शून्यावर आला असं नाही, पण टीममधली पोरं परत प्रश्न विचारायला लागली, आणि ते महत्त्वाचं होतं.

आता वहीतला तो शेवटचा रकाना, लगेच कसं वाटलं, तो कधी गाळू नका, सगळी गोम तिथेच असते. आपण जिला कमजोरी म्हणतो ती बहुतेक वेळा आपलं काहीतरी काम करत असते, कुठल्यातरी नकोशा भावनेपासून ताबडतोब सोडवत असते. अवघड मेल लिहायचा असतो, उघडल्यावर पोटात गोळा येतो, तो बंद करून फोन हातात घेतला की दोन मिनिटांत बरं वाटतं, आणि मेंदू एवढंच शिकतो की टाळलं की बरं वाटतं. पुढच्या वेळी गोळा आणखी लवकर येतो आणि हातही आणखी लवकर फोनकडे जातो. चालढकलीवर काम करणारे फुशिया सिरोइस आणि टिमोथी पायचिल यांनी 2013 मध्ये हेच मांडलं की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मूड सांभाळण्याचा प्रश्न जास्त आहे. म्हणून नवीन प्लॅनर आणून, टाइमटेबल करून फार फरक पडत नाही, कारण ते काम उघडल्यावर जे वाटतं ते टाइमटेबलने बदलत नाही. तुमचा आळसही एकदा असा तपासून बघा. सगळ्याच कामांचा आळस येतो का? मला वाटतं नाही येणार. ज्या कामात कोणीतरी आपल्याला जोखणार आहे किंवा जे नीट येत नाही किंवा ज्यात कोणाशी तरी अवघड बोलावं लागणार आहे तिथेच तो येत असेल. नोंदी केल्या की दिसेल.

"नाही म्हणता येत नाही" याचंही तसंच. हो म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा खुलतो, तो अर्धा मिनिट फार छान वाटतं आणि त्याची किंमत नंतर रात्री जागून मोजावी लागते. हो म्हणून नेमकं काय मिळतं, चांगलं म्हणवून घेणं की भांडण टळणं की नकार दिला तर हा माणूस तुटेल अशी भीती, ते माणसागणिक वेगळं निघतं आणि उपायही मग वेगळा लागतो.

हे सगळं झालं स्वतः स्वतःकडे बघण्याबद्दल. पण स्वतःला सगळं दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही असं आपण उगाच म्हणत नाही. 2010 मध्ये सिमिन वझीर या संशोधिकेने यावर चांगलं काम केलं, की माणसाच्या कुठल्या गोष्टी त्याला स्वतःला जास्त बरोबर कळतात आणि कुठल्या त्याच्या मित्रांना. तर चिंता, मनातली घालमेल, स्वतःबद्दल काय वाटतं अशा आतल्या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त नीट कळतात, पण बुद्धी, कल्पकता अशा ज्या गोष्टींत चांगलं-वाईट ठरतं तिथे मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो, कारण तिथे आपला अहंकार मध्ये येतो. त्यामुळे "मला आतून भीती वाटते" हे तुमचं म्हणणं मी लगेच मानेन, पण "मी कामात हुशार आहे फक्त लोकांना कळत नाही" किंवा उलट "मला काहीच येत नाही" हे मात्र बाहेरून तपासून घ्यायला लावेन. तुमचं ते कॉन्फिडन्सचं प्रकरण त्यातलंच असू शकतं, काय येतं आणि काय येत नाही हे एकदा जाणकाराकडून नीट तपासून घ्या, येत नसेल तर शिकायचं आहे, येत असेल तर भीतीवर काम करायचं आहे, आणि हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत. येत नसलेल्या गोष्टीवर नुसता आत्मविश्वास वाढवायला जाणारे लोक मी खूप बघतो आणि वाईट वाटतं, कारण त्यांचा वेळ जातो.

बाहेरून विचारायचं कसं तेही सांगतो, कारण इथे बहुतेकांचं बिनसतं. "माझ्यात काय कमी आहे?" असं विचारू नका. चांगली माणसं "काही नाही रे, छान आहेस" म्हणतात आणि दुखावलेली माणसं जुना हिशोब चुकता करतात. दोन-तीनच माणसं निवडा, ज्यांना तुमचं भलं व्हावं असं वाटतं आणि जी तुमच्या धाकात नाहीत, आणि त्यांना विचारा, "माझ्याबरोबर काम करताना किंवा राहताना नेमकं कुठल्या वेळी तुला अवघड जातं?" वेळ विचारली की लोक प्रसंग सांगतात. मग ते बोलत असताना एकही खुलासा करायचा नाही, "अरे पण त्या दिवशी झालं काय होतं की" हे वाक्य गिळायचं, त्यांचे शब्द तसेच्या तसे लिहून घ्यायचे, थँक्यू म्हणायचं आणि विषय बंद. भांडण चालू असताना किंवा नुकतं झालेलं असताना हा प्रश्न काढायचा नाही. आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून तुम्हाला सगळ्यात जास्त राग आला, तर तिथे थांबा, ती सोडू नका.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय. स्वतःला झोडपून माणूस सुधारत नाही. आपल्यावर लहानपणापासून असं बिंबलेलं असतं की स्वतःशी कडक वागलं नाही तर आपण सैल पडू. पण उलटंच दिसतं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरीना चेन यांनी 2012 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड परीक्षा दिली, निकाल खराब आला, मग काहींना सांगितलं की ही परीक्षा बऱ्याच जणांना अवघड जाते, स्वतःवर फार तुटून पडू नका, आणि नंतर पुन्हा अभ्यासाची संधी दिली. ज्यांना स्वतःशी जरा मायेने वागायला सांगितलं होतं त्यांनी पुढच्या परीक्षेचा अभ्यास जास्त वेळ केला. याचं कारण मला माझ्या खोलीत रोज दिसतं. चूक कबूल केली की आतून शिव्याच मिळणार असतील तर माणूस चुकीकडे बघणंच टाळतो. जो स्वतःला "नालायक आहेस तू" म्हणतो तो वहीत नोंद करत नाही, कारण नोंद म्हणजे शिक्षा. आणि नोंद नाही तर ओळखणं नाही, सगळं तिथेच अडतं. स्वतःला मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये, चूक झाली तर चूकच म्हणा, फक्त जी भाषा तुम्ही जवळच्या मित्राशी वापराल तीच स्वतःशी वापरा.

आता मात करण्याकडे येतो. नोंदींमधून एक प्रसंग निवडा, एकच, चारही कमजोऱ्या एकदम घेऊ नका. मग त्या प्रसंगासाठी "जेव्हा असं होईल तेव्हा मी असं करीन" या साच्यातलं एक वाक्य बनवा. हे ऐकायला पोरकट वाटतं पण यावर भरपूर संशोधन आहे, पीटर गोल्विट्झर यांनी 1990 च्या दशकात हे मांडलं आणि 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा नुसतं ठरवण्यापेक्षा असं जेव्हा-तेव्हा ठरवण्याचा परिणाम चांगलाच जास्त दिसला. कारण सरळ आहे, ऐन वेळी डोकं चालत नाही, तेव्हा निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असावा लागतो. "मी आता लोकांना नाही म्हणीन" हा संकल्प झाला. "जेव्हा कोणी फोनवर काम सांगेल तेव्हा मी म्हणीन, आज संध्याकाळी कळवतो" हे वाक्य झालं. बघा, यात नकारसुद्धा नाहीये, फक्त हो म्हणायची घाई थांबवलीय. एवढी छोटी सुरुवात पुरते, आणि खरं सांगायचं तर एवढीच टिकते.

जिथे भीती हे मूळ आहे तिथे मात्र नुसतं वाक्य पुरत नाही, तिथे जाऊन उभं राहावं लागतं. अल्बर्ट एलिस, विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक, तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. 19 वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन, बाकावर एकटी मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचंच असा नियम केला, आणि महिनाभरात शंभराहून जास्त जणींशी बोलले. कितीतरी जणी उठून गेल्या. भेटायला तयार झाली ती एकच, आणि तीही आलीच नाही. म्हणजे हिशोबाने बघितलं तर सपशेल अपयश, पण भीती गेली, कारण नकार इतक्या वेळा मिळूनही काहीच भयंकर घडलं नाही हे त्यांच्या शरीराला कळलं. पुस्तक वाचून ते कळत नाही. तुम्ही एकदम एवढी उडी मारू नका, भीतीच्या पायऱ्या करा, सगळ्यात कमी भीतीच्या प्रसंगापासून सुरू करा, आणि घाबरल्यावर लगेच पळ न काढता थोडं थांबा. भीती चढते तशी उतरतेही, पण उतरताना बघायला तुम्ही तिथे असायला पाहिजे, दर वेळी शिखरावर असतानाच पळून गेलात तर ती उतरते हे कधीच कळणार नाही.

आणि जिथे मोहाचा प्रश्न आहे, फोन, खाणं, रात्री उशिरापर्यंत स्क्रीन, तिथे इच्छाशक्तीवर विसंबून राहू नका. ज्यांचा संयम चांगला म्हणतो ती माणसं बऱ्याचदा मोहाशी झुंजत बसत नाहीत, तो समोर येणारच नाही अशी सोय करून ठेवतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचं, विषय संपला.

आता तुमचं ते चार दिवस. पाचव्या दिवशी नेमकं काय होतं ते मला माहितीये, एक दिवस चुकतो आणि मनात येतं "गेलंच आता, मी असाच". व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अ‍ॅलन मार्लट यांनी हे फार छान उलगडून दाखवलं होतं, एकदा घसरण्याने जितकं नुकसान होत नाही तितकं घसरल्यानंतर स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढतो त्याने होतं, त्या निष्कर्षामुळे माणूस एका घोटावरून पूर्ण बाटलीवर जातो. तुमच्या बाबतीत बाटली नाही पण गणित तेच. त्यात ते 21 दिवसांत सवय लागते हे प्रकरण, ते 1960 मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने पेशंटना नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात असं जे लिहिलं त्यावरून पसरलंय. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला तेव्हा नवी कृती आपोआप व्हायला लागायला लागणारा काळ 18 ते 254 दिवस असा पसरलेला निघाला, मधला आकडा 66. आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. म्हणून मी सुरुवातीलाच लिहून घेतो की चुकल्यावर मी काय करीन. "चुकलं तर दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट अर्ध्या प्रमाणात करीन", असं काहीही, पण आधी लिहिलेलं.

प्रत्येक कमजोरी घालवायलाच पाहिजे असंही नाही. हिशोबात कच्चे असाल आणि कामाला लागत नसेल तर सोडून द्या, ज्याला जमतं त्याच्याकडून करून घ्या. माझी कसोटी साधी आहे, या गोष्टीची किंमत दुसरं कोणी मोजतंय का, किंवा मला मनापासून हवी असलेली एखादी गोष्ट हिच्यामुळे अडलीय का. दोन्ही नाही असेल तर नका मागे लागू.

आणि हे मात्र गांभीर्याने घ्या. काही वेळा जिला कमजोरी समजतो ते दुखणं असतं. थायरॉइड कमी पडणं, रक्त कमी असणं, बी12 ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, या सगळ्यात माणूस थकलेला, सुस्त, चिडचिडा होतो आणि वर्षानुवर्षं स्वतःला आळशी म्हणत राहतो. डिप्रेशनमध्ये तर हे फारच होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, असं असेल तर ही वही वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा. लहानपणापासूनच लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धवट राहतात असं असेल तर एडीएचडीची तपासणी करून घ्या, मोठेपणीही ते निदान होतं. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एका दिवसात बंद करू नये, फिट्स येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

राहिलं स्वभावाला औषध नाही ते. 2017 मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 207 अभ्यास एकत्र करून बघितलं की थेरपीसारख्या उपायांनी व्यक्तिमत्त्वाचे गुणधर्म हलतात का. हलतात. सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारात स्पष्ट फरक दिसला, आणि सगळ्यात जास्त भावनिक स्थैर्यात. म्हणजे तुमच्या यादीतली चिडचिड आणि घाबरणं ज्या खात्यात येतं नेमकं त्यात. अंतर्मुख माणूस पार्टीचा बादशहा होईल असं नाही, पण 34 हे वय आड येत नाही, मी साठीनंतर बदललेली माणसं बघितलीत.

तर पुढचे दहा दिवस काहीच बदलायला जाऊ नका. फक्त नोंदी करा, त्या त्या दिवशीच, पाच प्रश्न, चार ओळी. आळसाच्या वेळा आणि हो म्हणून पस्तावलात त्या वेळा, एवढ्या दोनच घ्या, चिडचिड आणि कॉन्फिडन्स सध्या राहू द्या. दहाव्या दिवशी सगळं एकत्र वाचा आणि "लगेच कसं वाटलं" समोरचे शब्द तेवढे एका कागदावर उतरवा. कुठला शब्द परत परत येतोय ते कळवा, मग पुढचं वाक्य कुठलं ठरवायचं ते बोलू.